अर्हता, पात्रता आणि नियुक्ती : प्राथमिक शिक्षक होण्याचा मार्ग

बारावीचा निकाल लागला की पुढील पंधरा दिवस खेड्यातील शाळेच्या मुख्याध्यापकांकडे आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. मुलगी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे, तिला शिक्षिका करावयाची आहे, तर कोठे नाव घालावे? प्रश्न साधा असतो आणि उत्तर देणारी माणसेही जाणती असतात. परंतु ते उत्तर बहुधा त्यांच्या स्वतःच्या उमेदवारीच्या काळातले असते. एक जण सांगतो, डी.एड. केले की गुरुजी होता येते. दुसरा सांगतो, बी.एड. करावे, म्हणजे लहान वर्गही मिळतात आणि मोठेही. यांतील पहिले उत्तर आज अपुरे आहे आणि दुसरे चुकीचे आहे. त्या उत्तरावर विसंबून जे कुटुंब प्रवेश घेते, त्याची दोन ते चार वर्षे आणि घरातील कष्टाचा पैसा पणाला लागतो. चूक लक्षात येते ती अर्ज भरण्याच्या वेळी, म्हणजे दुरुस्तीची वेळ निघून गेल्यावर.

या गोंधळाचे मूळ एका शब्दात आहे. ‘प्रमाणित शिक्षक’ असे आपण सहज म्हणतो. पण शासनाच्या व्यवहारात हा एक दाखला नसून वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळ्या यंत्रणांनी द्यावयाचे वेगवेगळे दाखले आहेत. अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, ही झाली अर्हता. शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण केली, ही झाली पात्रता. अभियोग्यता चाचणीतील गुणांवर शाळा मिळाली, ही झाली निवड. आणि तीन वर्षांची सेवा समाधानकारक ठरल्यावर मिळते ती नियमित नियुक्ती. पहिला दाखला हाती असला म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही. दुसरा मिळाला तरी तिसऱ्याची हमी नाही.

प्रमाणपत्राचा जुना प्रश्न

शिक्षकाला शिकवण्याचेही शिक्षण हवे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. सावित्रीबाई फुले यांनी तत्कालीन अहमदनगर येथे मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतील शिक्षक प्रशिक्षित असावेत, असा आग्रह धरला. ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, नांगराला हात लावण्याचा त्यांना संकोच नसावा, आणि प्रमाणपत्रधारक शिक्षकाचे वेतन दरमहा बारा रुपयांहून कमी नसावे, अशीही त्यांची मागणी होती. प्रशिक्षण, समाजाशी असलेले नाते आणि वेतन या तिन्ही गोष्टी जोतीरावांनी एका दमात मांडल्या, याकडे प्रशासकांनी आवर्जून लक्ष द्यावे. पुढे या तिहींची फारकत झाली आणि कागदावरच्या प्रमाणपत्राची चर्चा तेवढी वाढत गेली.

मुंबई इलाख्यात दीर्घकाळ व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा उत्तीर्ण होणारा तरुण थेट शाळेवर रुजू होई आणि मागाहून त्याला ट्रेनिंग कॉलेजात पाठविले जाई. ‘ट्रेंड’ आणि ‘अनट्रेंड’ हे शब्द त्या काळात मराठी खेड्यांत इतके रुळले की गुरुजींच्या नावामागे ते पदवीसारखे लागत. पुढे प्राथमिक शिक्षक प्रमाणपत्र, म्हणजे पी.टी.सी., आले, नंतर डी.एड. पदविका आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. खाजगी शाळांतील शिक्षकांच्या अर्हता १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांनी बांधून दिल्या. केंद्राने १९९३ साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा केला, तेव्हा अध्यापक विद्यालयांना मान्यता देण्याचा अधिकार एका वैधानिक संस्थेकडे गेला.

खरा बदल घडला तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार कायद्याने. त्या कायद्याच्या कलम २३ अन्वये शिक्षकाची किमान अर्हता ठरविण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला मिळाला आणि २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा आवश्यक ठरली. महाराष्ट्र शासनाने १३ फेब्रुवारी २०१३ रोजी निर्णय काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने राज्याची पहिली शिक्षक पात्रता परीक्षा घेतली. ‘डी.एड. केले की नोकरी’ हे समीकरण तेथेच संपले. गावाला ते कळावयास मात्र बराच काळ लागला.

कोणत्या वर्गासाठी कोणते दार

पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकविण्यासाठी उमेदवार बारावी किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण असावा लागतो. राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. त्यापुढे दोन वर्षांची प्राथमिक शिक्षणातील पदविका. पूर्वीच्या डी.एड.चेच हे सुधारित रूप असून तिला आता डी.एल.एड. म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड. चालते. नववी-दहावीसाठी पदवी व बी.एड., अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी व बी.एड. अशी साधारण मांडणी आहे. विशेष गरजा असणाऱ्या बालकांच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत आणि त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असावी लागते.

येथे बी.एड.विषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वांत मोठी फसगत याच ठिकाणी झाली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठीही पात्र मानले होते. अट एवढीच की, नियुक्तीनंतर दोन वर्षांत त्यांनी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा. हजारो पदवीधरांनी त्या भरवशावर आपला मार्ग आखला. त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान मिळाले आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही प्राथमिक वर्गांची अर्हता नव्हे, असा निर्णय दिला. त्या तारखेपूर्वी ज्यांच्या नेमणुका झाल्या होत्या त्यांच्या सेवेला न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये संरक्षण दिले. इतरांना मात्र ते दार बंद झाले.

या निर्णयामागील भूमिका समजून घेण्याजोगी आहे. बी.एड.चा अभ्यासक्रम किशोरवयीन विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून रचलेला असतो. सहा वर्षांच्या मुलाला अक्षराची आणि अंकाची पहिली ओळख करून देणे हे निराळेच शास्त्र आहे. ‘लहान मुलांना काय, कोणीही शिकवील’ हा समज समाजात खोलवर रुजलेला आहे आणि तो सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः पहिलीचा वर्ग हा शाळेतील सर्वांत अवघड वर्ग होय.

डी.एल.एड.चे प्रवेश बारावीच्या गुणवत्तेनुसार राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतात. बी.एड.साठी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. प्रवेशापूर्वी त्या विद्यालयाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, एवढी एक गोष्ट पालकांनी तपासली तरी पुष्कळ अनर्थ टळेल. ‘घरबसल्या पदविका’ देऊ करणाऱ्या दूरच्या संस्थांच्या जाहिराती तालुक्याच्या बसस्थानकावर लागतात. मान्यता नसलेल्या संस्थेचा कागद भरतीच्या वेळी टिकत नाही.

सराव पाठाचे महत्त्व

पदविकेच्या दोन वर्षांत बालमानसशास्त्र, भाषा, गणित, परिसर अभ्यास यांच्या अध्यापनपद्धती, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण असे विषय असतात. तथापि, या सर्वांचा कस लागतो तो सराव पाठात आणि शालेय आंतरवासितेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या मानकांनुसार अभ्यासक्रमाला ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे. शाळेतील दिवसांना वर्गातील व्याख्यानांहून अधिक वजन दिलेले आहे, हे यावरून दिसेल.

सराव पाठ म्हणजे काय, हे पंचायत सदस्यांना ठाऊक असतेच असे नाही. छात्राध्यापिका पाठाचे टाचण काढते : उद्दिष्ट काय, आरंभ कशाने करावयाचा, कोणते प्रश्न विचारावयाचे, फळ्यावर काय लिहावयाचे. वर्गाच्या मागील बाजूस मार्गदर्शक शिक्षक निरीक्षण वही घेऊन बसतात. टाचण सुबक असते, तक्ते रंगीत असतात, आणि पस्तीस मिनिटांत सर्व काही यथासांग पार पडते. पण खरे शिकणे बहुधा त्या पस्तीस मिनिटांनंतर घडते.

एक उदाहरण घ्यावे. तिसरीच्या वर्गात ५२ वजा २७ हे उदाहरण घातले आहे. एका मुलीने उत्तर काढले ३५. नवखी छात्राध्यापिका त्यावर लाल फुली मारते आणि शेजारी २५ लिहून देते. अनुभवी मार्गदर्शक तिला थांबवितात व मुलीजवळ बसून तिने हे कसे केले ते विचारावयास सांगतात. मुलगी सांगते, पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. म्हणजे प्रत्येक घरात तिने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. तिला वजाबाकी येते, एकक व दशक ही घरे वेगळी आहेत हेही तिला कळते; दशक सुटा करून एकक घ्यावयाचे, एवढेच तिला ठाऊक नाही. तिच्यापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या, एक गठ्ठा सोडावयास सांगितले, की अर्ध्या तासाचे काम. लाल फुलीने मात्र तिला एवढेच कळते की आपले चुकले. चुकीच्या उत्तरामागे मुलाचा काही एक विचार असतो आणि तो शोधून काढणे हे शिक्षकाचे काम आहे, ही जाण पुस्तकातून सांगता येते. अंगी बाणते ती मुलाशेजारी बसूनच.

म्हणूनच आंतरवासिता कोठे होते, हा गौण प्रश्न नव्हे. अध्यापक विद्यालये बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असल्यामुळे त्यांच्या सराव शाळाही तेथल्याच असतात : एका इयत्तेला एक खोली, एका खोलीला एक शिक्षक. त्या सरावावर तयार झालेला तरुण पुढे ज्या शाळेवर जातो ती पुष्कळदा द्विशिक्षकी असते. पहिली व दुसरी एका भिंतीशी, तिसरी व चौथी दुसऱ्या खोलीत, आणि जोडीदार शिक्षक बैठकीस गेला की चारही इयत्ता एकाच्याच गळ्यात. एका इयत्तेला तोंडी काम देऊन त्याच वेळी दुसरीला लेखी काम कसे द्यावे, मोठ्या मुलांकडून लहानांचे वाचन कसे करवून घ्यावे, एकच गोष्ट चार इयत्तांना चार पातळ्यांवर कशी उपयोगी पडते, हे त्याने कोठेच पाहिलेले नसते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी आंतरवासितेचे काही आठवडे तरी द्विशिक्षकी शाळांत ठेवण्याचा आग्रह धरावयास हवा. अडचण येते ती राहण्या-जेवण्याची, विशेषतः मुलींच्या बाबतीत. ज्या गावाची शाळा आहे त्या गावाने समाजमंदिराशेजारची एक खोली आणि एखाद्या बचत गटाकडून दोन वेळच्या जेवणाची सोय केली, तर ही अडचण उरणार नाही. ग्रामपंचायतीला यासाठी वेगळ्या अधिकाराची गरज नाही, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय निघाला पाहिजे.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे मूल, नंदुरबारच्या सातपुड्यात भिली-पावरी बोलणारे मूल, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठी त्याला परकी असते. ते गप्प बसते आणि शिक्षक त्याची नोंद ‘मंद’ म्हणून करतो. त्या भाषेतील शे-दीडशे शब्द, नाती, प्राणी, अंक, ‘ये’, ‘बस’, ‘भूक लागली का’ एवढे जरी छात्राध्यापकाने आंतरवासितेत टिपून घेतले, तरी वर्गाचे दार उघडते. कोणत्याही परीक्षेत याला गुण नाहीत.

पात्रता परीक्षेचे स्वरूप

पदविका हाती आली की शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. दोन्ही गटांसाठी पात्र व्हावयाचे असल्यास दोन्ही पेपर द्यावेत. प्रत्येक पेपर १५० प्रश्नांचा, १५० गुणांचा, वेळ अडीच तास. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात. पेपर दोनमध्ये पहिले तीन घटक तसेच राहून उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांना असतात. चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के गुण हवेत. पूर्वी या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षांची होती. २०२१ साली ती मर्यादा काढून टाकण्यात आली आणि २०११ पासूनची प्रमाणपत्रे आजीवन ग्राह्य ठरली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ घेते ती केंद्रीय पात्रता परीक्षाही स्वतंत्रपणे देता येते.

राज्याच्या परीक्षेचे निकाल आजवर बहुतेक वर्षी शेकडा दहाच्याही खाली राहिले आहेत. उमेदवारांना शाळेतील गणित येत नाही, एवढेच कारण देऊन मोकळे होणे योग्य नाही. पदविकेची वर्षे आणि परीक्षेचे वर्ष यांत अंतर पडते, मधल्या काळात उमेदवार शेतीत किंवा दुकानात असतो, आणि पाठांतराची सवय असलेल्याला ‘अशा वेळी शिक्षकाने काय करावे’ या धर्तीचे प्रश्न गोंधळात टाकतात. ५२ वजा २७ चे उत्तर ३५ का आले, हे ज्याने एकदा मुलाच्या तोंडून ऐकले आहे त्याला असे प्रश्न जड जात नाहीत. परीक्षेची उत्तम तयारी सराव शाळेत होते, हे उमेदवारांना कोणी सांगत नाही. गल्लोगल्लीच्या शिकवणी वर्गांना ते सांगणे परवडणारे नाही.

एक कटू प्रकरणही येथे नमूद केले पाहिजे. २०१९ च्या परीक्षेत गुण वाढवून दिल्याचे गैरप्रकार २०२१ मध्ये पोलीस तपासात उघडकीस आले आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द करण्याची कारवाई झाली. त्यांतील कित्येकांनी शेत विकून पैसे मोजले असतील. प्रमाणपत्र विकत मिळते असे सांगणारा कोणी गावात आला, तर त्याला चहा पाजण्याऐवजी पोलीस पाटलाकडे न्यावे.

सेवेत असलेल्यांपुढील परीक्षा

आतापर्यंतचे विवेचन नव्या उमेदवारांचे झाले. परंतु १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने हा विषय सेवेतील शिक्षकांच्या दारात आणून ठेवला. कायदा अमलात येण्यापूर्वी नेमलेल्या आणि सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा त्यांना सेवा सोडावी लागेल, असे त्या निर्णयात म्हटले आहे. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना परीक्षेविना निवृत्तीपर्यंत राहता येईल. पदोन्नती हवी असल्यास मात्र परीक्षा आवश्यक. अल्पसंख्याक संस्थांविषयीचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला.

पंचवीस वर्षे चौथीचा वर्ग सांभाळलेल्या, शिष्यवृत्तीला मुले बसविणाऱ्या शिक्षिकेला वयाच्या पन्नाशीत आपल्याच विद्यार्थ्यांच्या शेजारी परीक्षेला बसावे लागावे, याची बोच समजण्यासारखी आहे. नेमणुकीच्या वेळी शासनाने जी अर्हता मागितली ती तिने पूर्ण केली होती. दुसऱ्या बाजूने पाहता, बालकाचा हक्क शिक्षकाच्या नेमणुकीच्या तारखेवर अवलंबून ठेवता येत नाही, या युक्तिवादातही तथ्य आहे. या वादाचा निवाडा लेखातून होणार नाही. प्रशासनाच्या हाती आहे ते असे की, अशा शिक्षकांची केंद्रनिहाय यादी करावी, शिक्षण परिषदांचा काही वेळ अभ्यासासाठी राखून ठेवावा, आणि नुकत्याच परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुण शिक्षकांनी ज्येष्ठांना प्रश्नपत्रिकांचा सराव द्यावा. अध्यापनाचा अनुभव ज्येष्ठांकडे आहे, उत्तरपत्रिकेतील वर्तुळे रंगविण्याचा सराव तरुणांकडे. एका केंद्रात दोघे एकत्र बसल्यास दोघांचाही लाभ होईल. परीक्षेचे वर्ष आहे म्हणून अशा शिक्षकांवर नेहमीची कागदपत्रांची कामे तेवढी कमी लादली, तरी केंद्रप्रमुखांना दुवा मिळेल.

निवड, बिंदुनामावली आणि तीन वर्षे

पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे नोकरी नव्हे. निवडीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी ही आणखी एक परीक्षा आहे : २०० प्रश्न, २०० गुण, दोन तास, त्यांतील १२० गुण अभियोग्यतेला व ८० बुद्धिमत्तेला. ती प्रथम डिसेंबर २०१७ मध्ये, त्यानंतर २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. या चाचणीतील गुणांच्या आधारे ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून उमेदवारांची शिफारस होते. उमेदवार आपली माहिती व पसंतीक्रम भरतो. प्रवर्ग, विषय, माध्यम आणि गुण पाहून प्रणाली त्याला जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका किंवा खाजगी अनुदानित शाळेकडे पाठविते. खाजगी संस्थांना मुलाखत घेण्याचा पर्याय आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत मुलाखत नाही. पूर्वी संस्थाचालकांच्या ओट्यावर जे ठरे ते या प्रणालीमुळे पुष्कळ अंशी गुणांवर ठरू लागले, हा तिचा मोठा गुण. पहिल्या दोन चाचण्यांमध्ये पडलेले सुमारे पाच वर्षांचे अंतर, हा तिचा दोष नव्हे. पण उमेदवाराचे वय तेवढ्यासाठी थांबत नाही.

जागा किती, हे कोठे ठरते? ते ठरते संचमान्यतेत. शाळेत विद्यार्थी किती, त्यावरून शिक्षक किती, याचा हिशेब दरवर्षी होतो. कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण धरले आहे. त्यानंतर जिल्हा परिषदेची बिंदुनामावली, म्हणजे कोणत्या प्रवर्गाच्या किती जागा रिक्त याचा तक्ता, तपासून घ्यावी लागते. ती वेळेवर तपासली गेली नाही तर जागा असूनही जाहिरात निघत नाही. २०१२ नंतर काही वर्षे राज्यात शिक्षकभरती थांबली होती. त्या वर्षांत पदविका घेऊन बसलेल्यांची एक संपूर्ण पिढी वयात मागे पडली आणि कित्येक अध्यापक विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद झाली. पालकांना सल्ला देताना ही बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात, आपल्या माध्यमात, आपल्या प्रवर्गात गेल्या भरतीत किती जागा होत्या, हे पाहूनच मुलाने किंवा मुलीने निर्णय घ्यावा.

निवड झाल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते आणि उमेदवार शिक्षणसेवक म्हणून रुजू होतो. ही योजना २००० साली सुरू झाली. तीन वर्षे मानधनावर काम केल्यावर, ते समाधानकारक असल्यास, नियमित वेतनश्रेणी मिळते. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दीर्घकाळ दरमहा ६,००० रुपये होते. १ जानेवारी २०२३ पासून ते १६,००० रुपये झाले. माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये आहे. आपल्या जिल्ह्यापासून शेकडो किलोमीटर दूर नेमणूक झालेल्या तरुणाला या रकमेत खोलीभाडे, खाणावळ आणि घरी पाठविण्याचे पैसे बसवावे लागतात. जोतीरावांनी प्रशिक्षण आणि वेतन एकत्र का मांडले होते, ते अशा वेळी कळते.

या तीन वर्षांत त्याचे काम समाधानकारक आहे किंवा नाही, हे कोणी व कसे पाहावयाचे? नियमानुसार गोपनीय अहवाल लिहिला जातो. तो लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने वर्षातून दोनदा तरी त्याच्या वर्गात मागील बाकावर पूर्ण तासिका बसून काढली पाहिजे. प्रत्यक्षात अभिलेख नीट ठेवले आहेत का, पोषण आहाराची नोंद झाली आहे का, याची पाहणी होते आणि अध्यापन पाहावयाचे राहून जाते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्यांनी शिक्षकाची परीक्षा घ्यावी, असे कोणी म्हणणार नाही. तथापि, दुसरीतल्या मुलाला घरी जवळ बसवून एखादी ओळ वाचावयास सांगणे, आणि अडल्यास शाळेत जाऊन त्याचे कारण विचारणे, हे कोणत्याही आईला जमते. त्या विचारण्याने नवा शिक्षक सावध होतो, आणि बहुतेक वेळा आनंदितही होतो. गावात आपले काम कोणी पाहते आहे, हे त्याला प्रथमच कळलेले असते.

यापुढील काळात मार्ग आणखी बदलणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान अर्हता करण्याचे उद्दिष्ट ठेवले असून, निवडक संस्थांत असा अभ्यासक्रम २०२३-२४ पासून सुरू झाला आहे. बारावीनंतर थेट त्यात प्रवेश घेता येतो, आणि त्यातही पूर्वप्राथमिक व प्राथमिक, मध्यम व माध्यमिक असे शालेय टप्पे वेगळे धरलेले आहेत. तेव्हा आज दहावीच्या वर्गात असलेल्या विद्यार्थ्याच्या पालकाने मुख्याध्यापकांना प्रश्न विचारला, तर त्यांनी आपल्या वेळचे उत्तर न देता आधी एक उलट प्रश्न विचारावा : मुलाला कोणत्या वयाच्या मुलांना शिकवावयाचे आहे? त्याचे उत्तर मिळाल्यावरच अर्ज कोणत्या अभ्यासक्रमाचा भरावयाचा ते ठरते.